सेव्हर्नड्रूग कासल, शूटर्स हिल: लंडनच्या टेकडीवरचा सुवर्णदुर्ग

आग्नेय लंडनमध्ये शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर, ओकच्या झाडीत, विटांचा एक तिकोनी मनोरा उभा आहे. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कासल. नदी सेव्हर्नशी याचा काहीही संबंध नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांनी 'सुवर्णदुर्ग' कानाला जसं लागलं तसं लिहिलं, तेच पुढे पक्कं झालं. हर्णैच्या समुद्रातला आपला सुवर्णदुर्ग जिंकल्याची आठवण म्हणून एका इंग्रज खासदाराच्या विधवेने 1784 साली हा मनोरा बांधला.

निकाल आधीच सांगतो. लंडनमध्ये अर्धा दिवस मोकळा असेल, 86 पायऱ्या चढायची तयारी असेल आणि अठराव्या शतकातला जमीनदार-राजकारणी कसा घडायचा हे एकाच जागी उभं राहून समजून घ्यायचं असेल, तर इतक्या कमी पैशात दुसरी इतकी चांगली जागा नाही. नुसता राजवाडा, झुंबरं आणि तैलचित्रं बघायची असतील, तर इकडे येऊ नका. इथे त्यातलं काहीच नाही.

'कासल' शब्दावर जाऊ नका. हा किल्ला कधीच नव्हता. तट नाही, खंदक नाही, तोफा नाहीत. साधारण 63 फूट उंचीची गॉथिक धाटणीची स्मारक-इमारत आहे. तीन कोपऱ्यांवर तीन षट्कोनी बुरूज, टोकदार कमानींच्या खिडक्या, वर कंगोरे. वास्तुकार रिचर्ड जप, जे ईस्ट इंडिया कंपनीचेही सर्व्हेयर होते. राजगड-तोरण्याच्या अपेक्षेने आलेला माणूस पहिल्या नजरेत हसतो. हसू द्या. दारावरची पाटी वाचली की हसू जातं.

पाटीपासूनच सुरुवात करा. घाईघाईने तिकीट काढून आत शिरणारे बहुतेक जण ती चुकवतात, कारण ती प्रवेशदाराच्या वर आहे आणि तिथे पोहोचेपर्यंत माणूस खाली पायरी बघत असतो. चार पावलं मागे येऊन वाचा. सर विल्यम जेम्स, बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारी पदवी), यांनी कंपनीच्या आरमाराचे प्रमुख असताना पूर्वेकडच्या समुद्रात गाजवलेल्या पराक्रमाची, आणि विशेषतः 'मलबारच्या किनाऱ्यावरचा' सेव्हर्नड्रूग 2 एप्रिल 1755 रोजी जिंकल्याची ही आठवण, असा मजकूर आहे. साल रोमन अंकांत आहेत: बांधकामाचं 1784, लढाईचं 1755.

या पाटीत तीन गोष्टी मराठी वाचकाने तपासून घ्याव्यात. पहिली, मलबार. सुवर्णदुर्ग कोकणात, दापोली तालुक्यात. त्या काळी कंपनीची माणसं मुंबईपासून केरळापर्यंतच्या सगळ्या पश्चिम किनाऱ्याला सर्रास मलबार म्हणत, म्हणून ती चूक नव्हे, सवय. दुसरी, तारीख. 2 एप्रिलला तोफांचा मारा सुरू झाला, निकाल दुसऱ्या दिवशी लागला. तिसरी गोष्ट मोठी आहे आणि ती पाटीवर नाहीच: ही मोहीम इंग्रजांनी एकट्याने केलेली नव्हती. ती पेशव्यांबरोबरच्या करारातून निघालेली होती.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण हे ठाऊक नसेल तर वर जाऊन नुसतं शहर दिसतं.

आंग्रे म्हणजे मराठी आरमाराचे सरदार. 1742 मध्ये संभाजी आंग्रे वारल्यावर किनाऱ्याच्या दक्षिण भागातली, सुवर्णदुर्गासकट, आंग्र्यांची सत्ता त्याचा भाऊ तुळाजी याच्याकडे आली. दुसरा भाऊ मानाजी कुलाब्याला होता. तुळाजीचं आणि नानासाहेब पेशव्यांचं जमेना, आणि इंग्रजांची जहाजं तो धरत होताच. तेव्हा 1755 च्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रज आणि पेशव्यांचे कोकणातले सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्यात तह झाला. ठरलं ते थोडक्यात असं की समुद्रावरचं काम इंग्रजांनी पुढे होऊन करायचं, घेतलेले किल्ले पेशव्यांना मिळायचे आणि इंग्रजांना बाणकोट मिळायचं.

22 मार्चला कमोडोर जेम्स मुंबईहून निघाले. त्यांचं जहाज 'प्रोटेक्टर', 44 तोफांचं. सोबत लहान युद्धनौका आणि तोफगोळे फेकणारी दोन गलबतं. चौलजवळ पेशव्यांचं आरमार येऊन मिळालं: सात गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, आणि साठेक गलबतं. कागदावर हे बळ दांडगं वाटतं. प्रत्यक्षात काय झालं, तर सुवर्णदुर्गाखाली नांगरलेलं तुळाजीचं आरमार दोर कापून दक्षिणेला पळालं, जेम्सनी जयगडच्या बाजूपर्यंत पाठलाग केला आणि पेशव्यांची गलबतं मागे राहिली. किनाऱ्यावरचे तीन दुर्ग, म्हणजे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, मराठी फौजेने वेढले होते खरे, पण फार लांबून. हे सगळं इंग्रजी वृत्तांतातलं आहे आणि लिहिणारा आपल्याच माणसाची उंची वाढवत असणार, हे धरूनच वाचायचं.

खुद्द लढाईचा हिशेब मात्र नीट समजण्यासारखा आहे. पहिल्या दिवशी जेम्सनी बेटाच्या समुद्राकडच्या अंगाने मारा केला. दिवसभरात सुमारे 800 गोळे टाकले. तटाला काही होईना, कारण त्या बाजूचा खालचा भाग जिवंत खडक तासून काढलेला आहे आणि त्यावर भक्कम चिरेबंदी. दुसऱ्या दिवशी त्यांनी जहाज बेट आणि किनारा यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात आणलं. तिथून ते किल्ल्याच्या इतक्या जवळ गेले की वरच्या तोफांना नीट नेम धरता येईना, आणि बंदुकांच्या माऱ्याने तटावरचे गोलंदाज उभे राहीनात. मग एक गोळा आत शाकारलेल्या घरावर पडला, आग लागली, ती दारूकोठारापर्यंत गेली आणि कोठार उडालं. पुढे किल्ला आणि किनाऱ्यावरचे दुर्ग हाती आले. सुवर्णदुर्गाचा तट त्या दिवशी फुटला नव्हता. तो आजही उभा आहे, हे हर्णैला गेलेल्या कुणालाही माहीत आहे.

8 एप्रिलला बाणकोट पडलं आणि ते फोर्ट व्हिक्टोरिया झालं. सुवर्णदुर्ग ठरल्याप्रमाणे पेशव्यांना मिळाला. वर्षअखेरीस जेम्स विजयदुर्गाची टेहळणी करून आले, आणि फेब्रुवारी 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी तो घेतला. तिथली लूट सुमारे दहा लाख रुपयांची होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी ती आपापसांत वाटून घेतली, वाटण्या आधीच ठरलेल्या होत्या आणि त्यांत मराठ्यांचा हिस्सा धरलेला नव्हता. तुळाजी मात्र पेशव्यांच्या कैदेत गेला तो कायमचा. स्वतःचं आरमार परक्याच्या तोफांनी बुडवून घेतलं, ही मराठी इतिहासकारांची जुनी हळहळ आहे आणि या मनोऱ्याच्या दारात ती जरा जास्तच टोचते.

आता जेम्स जमीनदार आणि खासदार कसे झाले, ते बघू. मनोऱ्याचा खरा विषय तो आहे, लढाई हे त्याचं भांडवल.

हा माणूस खानदानी नव्हता. जन्म 1721 च्या आसपासचा, लहानपणीच जहाजावर. 1747 मध्ये कंपनीच्या नोकरीत, 1751 मध्ये बाँबे मरीन या कंपनीच्या आरमाराचा मुख्य. 1757 मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटल्याची बातमी आणि पाचशे सैनिक घेऊन ते मुंबईहून बंगालला गेले, तेही वारा उलटा असताना, विषुववृत्ताखाली उतरून भलत्याच वाटेने. चंद्रनगर ही फ्रेंचांची वसाहत घ्यायला क्लाईव्हला या कुमकेचा उपयोग झाला. 1759 मध्ये जेम्स पैसा गाठीला बांधून इंग्लंडला परतले. तेव्हा वय चाळिशीच्याही आत होतं.

पुढची शिडी त्या काळात ठरलेली होती आणि त्यांनी तिची एकही पायरी सोडली नाही. लंडनच्या सोहो भागात जेरार्ड स्ट्रीटवर घर. केंट परगण्यात एल्टमला पार्क फार्म प्लेस ही मळ्याची हवेली आणि जमीन. जमीन हवीच, कारण जमिनीशिवाय त्या समाजात माणूस 'जंटलमन' ठरत नसे आणि परगण्यातला खासदार व्हायला तर कायद्यानेच जमिनीचं उत्पन्न लागे. मग कंपनीचं संचालकपद, आणि पुढे 1779 मध्ये अध्यक्षपद. ट्रिनिटी हाऊस या दीपगृहं आणि वाटाडे सांभाळणाऱ्या संस्थेतही वरची जागा.

पार्लमेंटची पहिली धडपड मात्र पडली, आणि त्या काळची निवडणूक समजायला तीच जास्त कामाची आहे. 1770 मध्ये न्यू शोरहॅमची पोटनिवडणूक लागली. तिथे बऱ्याच मतदारांनी 'ख्रिश्चन सोसायटी' नावाची मंडळी जमवली होती. नाव धर्मादायाचं, धंदा मतं ठोक भावाने विकण्याचा. उमेदवार तीन आणि तिघेही कंपनीशी जोडलेले: टॉमस रम्बोल्ड, जॉन पर्लिंग आणि जेम्स. रम्बोल्डना 87 मतं, पर्लिंगना 37, जेम्सना 4. निवडणूक अधिकाऱ्याने रम्बोल्डची 76 मतं संशयित ठरवून पर्लिंगना विजयी जाहीर केलं. प्रकरण पार्लमेंटमध्ये गेलं, जागा रम्बोल्डना मिळाली, टोळी उघडी पडली आणि 1771 च्या कायद्याने तो मतदारसंघच पसरट करून टाकला, म्हणजे आजूबाजूच्या जमीनधारकांना मतं दिली. चार मतं पडलेल्या जेम्सनी यातून धडा घेतला असावा. 1774 मध्ये ते कॉर्नवॉलमधल्या वेस्ट लू इथून निवडून आले. वेस्ट लू म्हणजे मूठभर मतदारांचं गाव, आणि ते बुलर घराण्याच्या खिशात. तिथे प्रचार लागत नसे, बुलरांची मर्जी लागे. जेम्स मरेपर्यंत तिथलेच खासदार राहिले आणि पंतप्रधान लॉर्ड नॉर्थच्या सरकारच्या बाजूने राहिले. 1778 मध्ये बॅरोनेट झाले, नावाआधी 'सर' लागलं.

त्यांचा मृत्यू 16 डिसेंबर 1783 चा, मुलीच्या लग्नाच्या दिवशी. त्याच आठवड्यात कंपनीचा कारभार काढून घेणारं फॉक्सचं इंडिया बिल पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, लटकलं होतं. 15 तारखेला पहिलं मतदान, 17 तारखेला ते पडलं. ज्यांना सगळं काही कंपनीने दिलं होतं, त्यांनी नेमका मधला दिवस निवडला.

मनोरा पुढच्याच वर्षी उभा राहिला. लेडी ॲन जेम्स यांनी स्वतःच्या पैशाने बांधला, म्हणून परिसरात 'लेडी जेम्सचं खूळ' असंही म्हणत. एकुलता मुलगा 1792 मध्ये, विशीही न गाठता वारला आणि बॅरोनेटपण संपलं. म्हणजे घराण्याची पदवी आठ-नऊ वर्षांत बुडाली, विटा टिकल्या.

एक जोड बाजूची, पण मुंबईकरांना गोड लागेल अशी. 1767 च्या सुरुवातीला याच जेम्स दांपत्याच्या जेरार्ड स्ट्रीटच्या घरी लॉरेन्स स्टर्न या प्रसिद्ध लेखकाची एलायझा ड्रेपरशी ओळख झाली आणि ते तिच्या प्रेमात आकंठ बुडाले. ती मुंबईतल्या कंपनी अधिकाऱ्याची बायको. त्याच वर्षी ती मुंबईला परतली. आणि 1773 च्या जानेवारीत ती माझगावच्या बेल्व्हेडिअर बंगल्यातून नवऱ्याला सोडून पळून गेली.

आता इमारतीचं. तळमजल्यावर चहाची खोली आहे, वरच्या मजल्यांवरच्या खोल्या लग्न, बैठका, समारंभ यांना भाड्याने मिळतात, आणि सगळ्यात वर उघडी गच्ची. जिना एका बुरुजात, गोल आणि अरुंद. 86 पायऱ्या. आपल्याकडे रविवारी गड चढणाऱ्याला हे काहीच नाही, पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले की एकाला थांबावं लागतं. पाठीवरची मोठी पिशवी भिंतीला घासते, ती खालीच ठेवलेली बरी. आणि लिफ्ट नाही. गुडघेदुखीच्या आई-बाबांना घेऊन जात असाल तर त्यांचं जग तळमजल्यावर संपतं, हे निघण्याआधी सांगा, तिथे पोहोचल्यावर नको. बाबागाडी वर जाणार नाही. लहान मूल कडेवर घेऊन गोल जिना उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड असतं.

जुन्या वर्णनांत खालच्या दालनात किल्ल्यावरून आणलेली शस्त्रं, ढाली मांडलेल्या होत्या आणि वरच्या खोलीच्या छतावर जेम्सच्या समुद्री लढायांची चित्रं होती, असं येतं. ती शोधायला जाऊ नका. मनोऱ्याचे मालक बदलत गेले आणि हा ऐवज केव्हाच पांगला.

गच्चीवर मात्र पैसे वसूल. शूटर्स हिल समुद्रसपाटीपासून सुमारे 132 मीटर, त्यावर मनोऱ्याची उंची. लंडनच्या सपाटीत हे भरपूर होतं. पश्चिमेला शार्ड आणि सिटीच्या उंच इमारती, त्यांच्या अलीकडे कॅनरी व्हार्फ. उत्तरेला वुलिचजवळ टेम्स आणि तिचे पूर अडवणारे चंदेरी दरवाजे. पूर्वेला दूर डार्टफर्डचा तारांनी तोललेला पूल. दक्षिणेला केंटच्या टेकड्या. स्वच्छ दिवशी सात काउंट्या दिसतात अशी ख्याती आहे. पण दक्षिणेकडे बघताना दूर बघू नका, पायाखाली बघा. टेकडीच्या उतारावरून घरांच्या रांगा सुरू होतात ते एल्टम. जेम्सची हवेली आणि जमीन तिकडेच होती. पूर्वेत कमावलेल्या पैशाची जमीन, विजयाचा मनोरा आणि कंपनीच्या जहाजांचा जाण्या-येण्याचा जलमार्ग, तिन्ही एका गिरकीत बघता येतात. मनोरा इथेच का बांधला, याचं उत्तर वर उभं राहिल्यावर पाटीपेक्षा नीट कळतं.

दृश्य फसण्याची कारणंही ठरलेली आहेत. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेकडे धुरकट होतं आणि ऊन डोळ्यांवर येतं, शहराच्या इमारती नुसत्या सावल्या दिसतात. पाऊस पडून गेल्यावरचा दिवस सर्वांत चांगला. भोवतीची झाडं उंच वाढली आहेत, म्हणून जमिनीवरून मनोऱ्याचा पूर्ण फोटो जवळजवळ मिळत नाही. पानगळीनंतर, नोव्हेंबर ते मार्च, तो मोकळा दिसतो. पण त्या महिन्यांत दिवस लहान आणि वारा बोचरा. कानटोपी न्याच. दुर्बीण असेल तर ती फोनच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामी येते.

गच्चीची आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ग्रीनविच आणि पॅरिसच्या वेधशाळांमधलं अंतर त्रिकोणमितीने जोडायचं काम जनरल विल्यम रॉय यांनी हाती घेतलं, तेव्हा 1787 मध्ये रॅम्सडेनने बनवलेला थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, त्यांनी या मनोऱ्याच्या माथ्यावर चढवला. त्याचं चाक तीन फूट व्यासाचं, वजन सुमारे 200 पौंड, म्हणजे नव्वद किलो. त्या बुरुजाच्या जिन्याची रुंदी बघितली की पितळेचं ते धूड वर कसं नेलं असेल, हा प्रश्न पडतोच. 1848 मध्ये लंडनच्या मोजणीसाठी रॉयल इंजिनीअर्सनीही हाच माथा वापरला. आपल्या स्मारकाचा असा उपयोग होईल हे लेडी जेम्सच्या मनातही नसेल, पण त्याच्या उपयोगांच्या इतिहासात मला तोच सर्वांत सरस वाटतो.

1922 मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने हा मनोरा विकत घेतला आणि लोकांसाठी खुला केला. 1986 मध्ये शहराची मोठी परिषद बरखास्त झाल्यावर तो ग्रीनविच कौन्सिलकडे आला आणि दारं-खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या. पुढची पंधरा-सोळा वर्षं आत कबुतरं. स्थानिक लोकांनी न्यास काढला, पैसा जमवला, लॉटरीच्या वारसा निधीतून अनुदान मिळवलं आणि 2014 मध्ये दारं पुन्हा उघडली. आजही जागा मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालते. हे पुढच्या सगळ्या सूचनांचं मूळ आहे.

कारण स्वयंसेवक म्हणजे मोजके दिवस आणि मोजके तास. रोज उघडं नसतं. रविवार हा त्यातल्या त्यात भरवशाचा, तोही दुपारचे काही तास, आणि हिवाळ्यात वेळ वेगळी. लग्न किंवा खासगी समारंभ असेल तर दार बंद. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर त्या तारखेची वेळ बघा. गूगलच्या नकाशातली वेळ प्रमाण मानून गेलेल्यांचा हमखास फेरा पडतो. तिकीट शार्डसारख्या जागांच्या मानाने अगदीच नाममात्र. तेवढ्यावर न थांबता खाली एक चहा आणि केकचा तुकडा घ्या, डागडुजीला पैसा तिथूनही जातो.

जायचं कसं? मनोऱ्यापाशी गाडी नेता येत नाही, म्हणून गाडीचा विचार सोडा. बस 89 (लुईशॅम-ब्लॅकहीथकडून) आणि 486 (नॉर्थ ग्रीनविचकडून) शूटर्स हिल रस्त्याने जातात. वुलिचला एलिझाबेथ लाइनने उतरलात तर 244 पकडा. टेकडीच्या माथ्याशी उतरून कासल वुडमध्ये शिरणाऱ्या वाटेने पाच-दहा मिनिटं चालायचं. चालकाला 'सेव्हर्नड्रूग' म्हणा, 'सुवर्णदुर्ग' म्हटलंत तर ओळखणार नाही. एल्टम स्टेशनवरूनही येता येतं, दीड-पावणेदोन किलोमीटर, पण सगळा चढ आणि पावसाळी दिवसांत शेवटचा टप्पा चिखलाचा. पांढरे बूट घालून आलेल्यांची दैना होते.

चालण्याची हौस असेल तर कॅपिटल रिंग या लंडनभोवतीच्या पायवाटेचा पहिला टप्पा, वुलिच ते फाल्कनवुड, थेट मनोऱ्याशेजारून जातो. खालच्या अंगाला गुलाबांचं बागेसारखं गच्चीवजा पटांगण आणि पुढे ऑक्सलीज वुड, आठ हजार वर्षांहून जुनं समजलं जाणारं रान. रानाच्या कडेला मोठ्या उताराच्या कुरणावर कॅफे आहे. पोटभर खायचं असेल तर ते तिथे. मनोऱ्यातली चहाची खोली जेवणासाठी नाही. वुलिचकडून मनोरा, मग रान, मग फाल्कनवुड स्टेशन, असा क्रम ठेवलात तर मुख्य चढ आधी संपतो आणि परतीची ट्रेन हाताशी राहते.

मुलांना घेऊन जात असाल तर आधी घरी हर्णै-मुरुडच्या सहलीचे फोटो काढून ठेवा. सुवर्णदुर्गाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत लपलेला, पायरीवर कोरलेलं कासव, तटावर मारुती. गच्चीत उभं राहून ते फोटो दाखवले की पाटीवरचा 'सेव्हर्नड्रूग' हा शब्द एकदम जागेवर बसतो. जुलै 2025 मध्ये सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, हेही स्वयंसेवकांना सांगायला हरकत नाही. गप्पांना वेळ देणारी माणसं असतात ती, आणि रामाजी बिवलकर हे नाव पाटीवर नाही.

उलट दिशेनेही हा प्रवास तितकाच चांगला. आधी लंडनचा मनोरा बघून मग हर्णैला जाणार असाल, तर ऑक्टोबर ते मे यातच ठरवा. बेटावर पक्का धक्का नाही, होडी हर्णै बंदरातून ठरवावी लागते आणि भरती-ओहोटी बघूनच उतरता येतं. किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावरून, जिथे आता दीपगृह आहे, बेट आणि किनारा यांच्यामधला पाण्याचा पट्टा दिसतो. 1755 च्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी 44 तोफांचं जहाज जिथे घुसलं, तो हाच. सकाळी नऊच्या आत जा, ऊन पाठीमागून येतं आणि तट नीट दिसतो.